चूल, जाते आणि ताट: यवतमाळच्या स्वयंपाकघरातल्या वस्तू आल्या कुठून

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकरी घरात दुपारचे ताट पुढे येते, त्यात ज्वारीची भाकर असते, तुरीचे वरण असते, वांग्याची भाजी नाहीतर बेसन असते आणि कडेला हिरव्या मिरचीचा ठेचा व जवसाची चटणी असते. या ताटाला कोणीही गावचे जेवण म्हणेल आणि ते खरेच आहे. तरीही त्यातली ज्वारी मूळची आफ्रिकेची, मिरची अमेरिकेची, हरभरा आणि जवस पश्चिम आशियाचे. तूर आणि वांगे तेवढी या उपखंडातली. भाकरीचे पीठ दळणारे जाते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, वरण शिजवणारा कुकर भारतीय घरात शिरला तो 1959 नंतर. एकाच ताटात चार हजार वर्षांतले वेगवेगळे मुक्काम शेजारी शेजारी बसलेले असतात. कुकरच्या शोधाला नाव आहे, साल आहे. भाकर थापण्याच्या शोधाला दोन्ही नाहीत, आणि माणसांचे पोट जास्त काळ भरले आहे ते याच निनावी शोधांनी.

जिल्ह्याची जागाही यात महत्त्वाची आहे. उत्तर आणि पूर्वेकडून वर्धा नदी, दक्षिणेकडून पैनगंगा, मध्ये बेसॉल्टचे पठार आणि कपाशीची काळी जमीन. वणी, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर, घाटंजी या भागांत सागाचे जंगल आणि गोंड, कोलाम, परधान यांची वस्ती. पुसद, उमरखेड, महागावकडे आंध आणि बंजारा समाज. आणि सर्वत्र कुणबी शेतकरी. वऱ्हाड, गोंडवन, मराठवाडा आणि तेलंगणा यांच्या सीमा इथे एकमेकींना लागतात. वणी (इंग्रजांच्या लिहिण्यात वून) या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा 1905 मध्ये यवतमाळ झाला. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या कळंब सरकारात यातला बराच प्रदेश येत असे. इतक्या वाटा जिथे मिळतात, तिथल्या स्वयंपाकघराचा उगम एकाच ठिकाणी सापडणे शक्य नाही.

सुरुवात ज्वारीपासून करावी लागते. पूर्व सुदानमध्ये सापडलेल्या मातीच्या भांड्यांवर ज्वारीच्या दाण्यांचे ठसे आहेत आणि ते इसवी सनापूर्वी 3000 च्या आसपासचे आहेत. माणसाने पेरून वाढवलेल्या ज्वारीचा हा आजवरचा सर्वांत जुना पुरावा. तिथून इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ती भारतात पोहोचली. संस्कृत ग्रंथांत तिला ‘यवनाल’ म्हटले आहे. आफ्रिकेतून ती एकटी आली नाही. बरबटी, म्हणजे चवळी, तिकडचीच, अंबाडी तिकडची, चिंचेचे झाडही मूळचे आफ्रिकेतले. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी हा वऱ्हाडातला सर्वांत घरगुती जोड मुळाशी गेल्यास पूर्ण आफ्रिकन निघतो. काळ्या जमिनीला, पावसाच्या लहरीपणाला आणि गुरांच्या वैरणीच्या गरजेला ज्वारी इतकी मानवली की तिच्याशिवायचा वऱ्हाड कल्पनेत आणणे पुढे अवघड झाले. दाणे माणसांना, कडबा बैलांना, धसकटे चुलीला: असा तिहेरी उपयोग दुसऱ्या कुठल्या पिकाने दिला नाही.

धान्य बाहेरून आले, पण त्याची भाकर करण्याची युक्ती इथली. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते. त्यामुळे त्याचा लवचीक गोळा होत नाही, पोळी लाटता येत नाही. आफ्रिकेत या पिठाचे घट्ट मऊ गोळे, लापशी किंवा आंबवून पातळ धिरडी करतात. दख्खनमध्ये वेगळा मार्ग निघाला. ताजे पीठ घ्यायचे, कढत पाण्याने भिजवायचे, म्हणजे त्यातला स्टार्च थोडा शिजून चिकट होतो. मग परातीत तळहाताच्या दाबाने ते जोरात मळायचे आणि थापत थापत वाढवायचे. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करायची. पाण्याने वरचा पापुद्रा ओलसर राहतो, आतली वाफ त्याला उचलते आणि भाकर फुगते. दळून आठ दिवस झालेले पीठ विरी जाते आणि भाकर कडेला फाटते, म्हणून दळण रोजचे किंवा दोन दिवसांचे. पिठाचे हे रसायन कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते. ते आईने मुलीच्या हाताला शिकवले, आणि अन्नाच्या इतिहासातली ही एक मोठी कामगिरी मानायला हवी.

भाकरीपलीकडेही ज्वारीची बरीच रूपे झाली. भरडून कण्या, आंबवून आंबील, भाजून लाह्या, कोवळ्या कणसांचा हुरडा, आणि उन्हाळ्यात वाळवलेले धापोडे. गोंडांच्या घरी पातळ पेजेला ‘जावा’ म्हणतात. सकाळी रानात जाताना ती प्यायची असते. उन्हात काम करणाऱ्याला पाणी, मीठ आणि धान्य एकाच भांड्यातून देणारे इतके साधे अन्न दुसरे नाही.

डाळींची गोष्ट उलट दिशेने जाते. तुरीचे सर्वांत जवळचे रानटी भाईबंद बस्तर-ओडिशाच्या पट्ट्यात आजही उगवतात. म्हणजे तूर जंगलातून शेतात आली ती यवतमाळपासून फार दूर नसलेल्या भागात. अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढी येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत तिचे अवशेष मिळाले आहेत, आणि ती वस्ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहे. कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ घेण्याची वऱ्हाडी पद्धत या पिकाच्या स्वभावाशी नेमकी जुळते. तूर खोल मुळाची आणि उशिरा येणारी, हवेतला नत्र जमिनीत आणणारी. कपाशीचे काही न घेता ती घराला डाळ देते आणि शेवटी तुराटी चुलीत जाते. मूग आणि उडीदही उपखंडातलेच. हरभरा मात्र आग्नेय तुर्कस्तानच्या बाजूने गहू, मसूर, वाटाणा, लाख आणि जवसाच्या सोबतीने पूर्वेकडे सरकत आला.

हरभऱ्याच्या डाळीचे पीठ वऱ्हाडात पोहोचले आणि तिथे त्याने स्वतःचे एक घराणे उभे केले. इथे ‘बेसन’ हे पिठाचे नाव नसून पदार्थाचे आहे. पुण्यात ज्याला पिठले म्हणतील ते. त्याचाच घट्ट भाऊ झुणका. शिजवलेले पीठ ताटात थापून वड्या पाडल्या आणि झणझणीत रश्शात सोडल्या की पाटवडी. भाजी नसलेल्या दिवसांचे हे अन्न. मार्च ते जून शेतात हिरवे काही नसते आणि डाळ मात्र मडक्यात असते. डाळीच्या पिठाचे इतके प्रकार या भागात का झाले याचे उत्तर त्या चार महिन्यांत आहे. मुगवड्या, सांडगे, फुणके हे सगळे त्याच टंचाईचे अपत्य. डाळींच्या पिठापासून चविष्ट तुकडे करण्याची रीत जुनी असल्याचे कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने 1129 च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथावरून कळते. त्यात मांडे, पुऱ्या, वडे आहेत, पण मिरची नाही.

मिरची नसणे ही बाब थांबून पाहण्याजोगी आहे. आज यवतमाळच्या स्वयंपाकाची ओळख सांगायला कोणीही आधी तिखटाचे नाव घेईल. पण 1492 पूर्वी जुन्या जगातल्या एकाही माणसाने मिरची चाखली नव्हती. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि सोळाव्या शतकात त्यांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या शेवटी ‘आईने अकबरी’ लिहिली. तिच्यात मसाल्यांचे भाव आहेत, पदार्थांची प्रमाणे आहेत, कळंब सरकारचे महसूलही आहेत, पण मिरचीचा पत्ता नाही. म्हणजे चार-सव्वाचारशे वर्षांपूर्वी कळंबच्या बाजारात तिखटपणासाठी मिरे, पिंपळी आणि सुंठ हेच होते, आणि मिरे मलबारहून आलेले, महाग. गरिबाच्या भाजीत ते चिमूटभर पडत असावेत एवढेच. मिरचीने ही स्थिती उलटी केली. परसात दोन झाडे लावली की वर्षभराचे तिखट घरचे. वाळवून ठेवता येते. शेजाऱ्याला बी देता येते. मिऱ्याशी असलेले नाते तिच्या नावातच राहिले. मिरीवरून मिरची. मराठी माणसाने तिला नव्या वस्तूचे नवे नाव न देता जुन्या गरजेचे नाव दिले, म्हणून ती परकी वाटण्याची वेळच आली नाही.

अमेरिकेतून आलेल्या बाकीच्या पिकांची नावे त्यांनी कोणती वाट धरली हे सांगतात. पुण्या-मुंबईत बटाटा म्हणतात तो पोर्तुगीज शब्द, समुद्रमार्गे आलेला. यवतमाळात तो ‘आलू’ आहे. हा शब्द नागपूर आणि हिंदी मुलखाकडून उतरला. पुण्याकडे पेरू, ज्याच्या नावात दक्षिण अमेरिकेतला देश बसला आहे, इकडे ‘जाम’. तिकडे टोमॅटो, इकडे टमाटर, आणि खेड्यात जुन्या तोंडी ‘भेदरं’. कोथिंबिरीला इथे सांभार म्हणतात आणि त्यावरून सांभारवडी. ही वनस्पती मात्र भूमध्य समुद्राच्या बाजूची आणि फार जुन्या काळी आलेली. भाषाशास्त्राचे पुस्तक उघडण्याआधी बाजारात भाजीवालीशी दोन शब्द बोलले तरी वऱ्हाडच्या स्वयंपाकाचा ओढा किनाऱ्यापेक्षा उत्तरेकडे अधिक राहिला हे लक्षात येते. सीताफळ तर अमेरिकेतून येऊन यवतमाळच्या मुरमाड टेकड्यांवर इतके रुजले की त्याला सीतेचे नाव मिळाले आणि ते रानफळ झाले.

उपवासाचे ताट याहून आश्चर्याचे आहे. एकादशीला यवतमाळच्या घरात साबुदाण्याची ‘उसळ’ होते, म्हणजे इतरत्र जिला खिचडी म्हणतात ती. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा, आणि त्याचा भारतातला कारखानदारी इतिहास तमिळनाडूतल्या सेलमला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. त्यातले शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे, आलू तिकडचा, मिरची तिकडची. जुन्या काळापासून चालत आलेली त्या पानातली वस्तू म्हणजे भगर. धर्मशास्त्राने नव्या वस्तूंना विरोध केला नाही, कारण निषिद्ध धान्यांच्या यादीत त्यांचे नावच नव्हते. ज्याचे नाव नाही ते उपवासाला चालले.

तेलांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. भुईमूग एकोणिसाव्या-विसाव्या शतकात पसरण्यापूर्वी इथे तीळ, जवस आणि करडई यांची घाणी चाले. तीळ उपखंडातला, बाकी दोन पश्चिमेकडून आलेले. जवसाचे तेल मागे पडले तरी चटणी राहिली. कपाशीच्या या जिल्ह्यात सरकीचे ढीग पडत, पण सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असल्याने शुद्धीकरणाचे तंत्र येईपर्यंत ती माणसाच्या स्वयंपाकात आली नाही. तोवर ती गुरांना आणि गुरांकडून दुधाच्या रूपाने घरात. वनस्पती तूप म्हणून ओळखला जाणारा डालडा 1937 मध्ये बाजारात आला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीन कपाशीच्या बरोबरीने पेरले जाऊ लागले आणि घराघरातले तेल पुन्हा बदलले. आता शेतकरी ज्याचे पीक काढतो त्याचेच तेल पिशवीतून विकत आणतो.

जंगलाकडचा स्वयंपाक वेगळ्या गतीने चालतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात. त्यांत साखरेचे प्रमाण इतके की वाळवली की मनुकांसारखी होतात. गोंड आणि कोलाम घरांत ती भाजून, कुटून, पिठात मिसळून खातात. बियांचे तेल काढतात. दारू हे मोहाचे एकच रूप बाहेरच्यांना माहीत असते, आणि त्यामुळे या झाडावर मोठा अन्याय होतो, कारण अवर्षणाच्या वर्षी कित्येक घरे या फुलांनी तगली आहेत. बिब्याची पिवळी फुगीर देठे भाजून खायची, त्याच्या बियांतली गोडंबी लाडूत घालायची, चारोळी फोडून विकायची. पहिल्या पावसानंतर तरोटा, काटवल, बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, वारुळावर उगवणाऱ्या सात्या. यातल्या बहुतेक गोष्टी बाहेरून आलेल्या नाहीत. ज्वारी येण्याच्या आधीपासून या भूमीत माणसे जे खात होती, त्याच्या सर्वांत जवळचा भाग हाच आहे. त्याची गणना ‘रानभाज्या’ या एका शब्दात उरकली जाते हे बरोबर नाही.

बंजाऱ्यांनी वस्तू हलवल्या. रेल्वेपूर्वी बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य नेणारे त्यांचे तांडे दख्खनमध्ये मोगल फौजांच्या मागोमाग पसरले, आणि किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या या भागात मीठ पोहोचले ते बरेचसे त्यांच्यामुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ-मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ची अरुंद रेल्वे कापूस नेण्यासाठी धावू लागली, पण त्याआधीच लदेणीचा, म्हणजे बैलांवरून माल नेण्याचा, धंदा मोडला होता आणि तांडे शेतीवर स्थिरावले होते. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत भाकरीला ‘बाटी’ म्हणतात. सळोईसारखे मांसाचे पदार्थ तांड्यांनी आपल्यापुरते जपले.

आता चुलीकडे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात केलेल्या उत्खननात साडेतीन हजार वर्षांपूर्वीपर्यंतच्या घरांतल्या चुली मिळाल्या. मातीची, तीन बाजूंनी बंद, समोरून सरपण सरकवायला तोंड असलेली चूल तेव्हापासून रचनेने फार बदललेली नाही. तिच्यात झालेली मोठी सुधारणा म्हणजे वैल: मुख्य चुलीच्या पोटातून जाणारी उष्णता शेजारच्या तोंडावर काढायची आणि तिथे वरण किंवा दूध ठेवायचे. एकाच सरपणावर दोन भांडी. यवतमाळात हे सरपण म्हणजे पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि तुराटी. पऱ्हाटी पटकन भडकते आणि पटकन विझते; दीर्घ आच हवी तर गोवरी. रोडगे आणि पानगे हे गोवरीच्या मंद आराचे पदार्थ आहेत. कणकेचे थर दिलेले गोळे निखाऱ्यात पुरायचे, वरची राख झाडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी. रोडगे भाजायला भांडे, तवा, भिंत काहीच लागत नाही. शेतातल्या मारुतीपुढे शंभर माणसांचा स्वयंपाक होतो तो याच कारणाने, आणि वाढायला पळसाच्या पानांच्या पत्रावळी असतातच.

दळण्याच्या साधनांत खरा मोठा बदल एकदाच झाला. आधी होता तो पाटा: खोलगट दगडावर दुसरा दगड पुढे-मागे ओढायचा. नेवासे आणि इनामगाव येथील ताम्रपाषाण वस्त्यांत असे पाटे मिळतात. गुडघ्यांवर बसून सारा अंगभार देऊन दळावे लागे आणि पीठ थोडेच पडे. त्यानंतर गोल फिरणारे जाते आले, ते सातवाहन काळात. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी 1959 मध्ये या जात्यांवर लेख लिहून रोमन व्यापाराशी त्यांचा संबंध जोडला. भूमध्य समुद्राच्या पश्चिमेला फिरते जाते त्याआधी काही शतके वापरात होते. ‘जाते’ हा शब्द संस्कृत ‘यंत्र’ यावरून आला, आणि ज्या काळात हा शब्द रूढ झाला त्या काळी घरातले यंत्र म्हणजे हेच. खालची तळी स्थिर, वरची फिरती, मध्ये खुंटी, कडेला खुंटा. वरच्या भोकातून वैरण घालायची आणि केंद्रापासून कडेकडे पीठ सरकत यायचे. बेसॉल्टचा सच्छिद्र दगड यासाठी उत्तम, कारण तो झिजला तरी खरखरीत राहतो; गुळगुळीत झालाच तर पाथरवट येऊन टाकी लावून जाई. एका साधनाने बाईचे श्रम बरेच कमी केले, तरी पहाटेचे दोन तास तिचेच राहिले, आणि त्या तासांत ओव्या जुळल्या. मराठीतल्या स्त्रीगीतांचा फार मोठा साठा एका अवजाराच्या फेऱ्यांवर उभा आहे.

हे जाते बंद पाडले चक्कीने. डिझेल इंजिनावरची पीठगिरणी, वऱ्हाडीत चक्की, विसाव्या शतकाच्या मध्यावर बाजारगावांत आली आणि वीज पोहोचली तशी खेड्यांत पसरली. बायकांनी ती ताबडतोब स्वीकारली. ओव्या हरवल्याची खंत लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे की जाते फिरवणाऱ्यांपैकी कोणी ते परत मागितलेले नाही. जाते आता लग्नाच्या हळदीपुरते आणि घरच्या डाळी भरडण्यापुरते उरले आहे.

भांड्यांचा क्रम माती, तांबे-पितळ, जर्मन (म्हणजे अॅल्युमिनियम), स्टील असा लागतो. मातीच्या खापरावर लांब मांडे अजूनही विदर्भात होतात. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर पारा गेला की माठ आणि रांजण यांना पर्याय वाटत नाही, कारण सच्छिद्र मातीतून झिरपणारे पाणी बाष्प होताना आतली उष्णता घेऊन जाते. पितळेच्या गंजात (पातेल्याला इथे गंज म्हणतात) आंबट पदार्थ कळकतो, म्हणून कथलाचा मुलामा देणारे कल्हईवाले गावोगाव हिंडत. अॅल्युमिनियम स्वस्तात काढण्याची विद्युत-रासायनिक पद्धत 1886 मध्ये सापडली. भारतात त्याची भांडी करण्यास 1898 च्या सुमारास मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी सुरुवात केली. जर्मन सिल्व्हर या आधीच्या मिश्रधातूवरून लोकांनी या नव्या धातूलाही ‘जर्मन’ म्हटले, आणि खेड्यात त्याचे जर्मल झाले. पितळेची मोड घेऊन जर्मलचे गंज देणारे फेरीवाले आले तसे कल्हईवाले दिसेनासे झाले. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 मध्ये तयार केलेले न गंजणारे पोलाद इथल्या मांडणीवर बसले ते 1960-70 नंतर, मुख्यतः लग्नातल्या आहेरातून. पावशी (विळी), सराटा (उलथणे), काठवट ही अवजारे मात्र जुन्याच घडणीची राहिली. पायाखाली धरलेली पावशी दोन्ही हात मोकळे ठेवते.

सुधारणेचा एक स्वदेशी प्रयत्न शेजारच्या वर्ध्यात झाला. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने, जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली, मगनवाडीत घाणी, चक्की आणि चूल यांवर प्रयोग केले. धूर धुराड्यातून बाहेर काढणारी मगन चूल तिथली. स्वयंपाकघरातल्या धुराने डोळे आणि फुप्फुसे जातात हे तेव्हा फार थोड्यांनी मनावर घेतले होते. पुढे सरकारने 1980 च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला, पण धुराडे साफ करणे, मोडलेला भाग बदलणे ही व्यवस्था गावात उभी राहिली नाही आणि बऱ्याच चुली जुन्या रूपाला परतल्या. रॉकेलवरचा पंपाचा स्टोव्ह स्वीडनमध्ये 1892 मध्ये निघाला होता. तो शहरात नोकरदारांच्या खोल्यांत आधी रुळला. त्याच सुमारास चहा आला. 1903 मध्ये चहावर कर बसवून प्रचारनिधी उभा केला गेला आणि 1930 च्या दशकात देशभर फुकट चहा पाजण्याच्या मोहिमा झाल्या. स्टोव्ह आणि चहा यांनी एकमेकांना आधार दिला, कारण एका कपासाठी कोणी चूल पेटवत नाही.

1960 नंतरची पंधरा वर्षे या जिल्ह्याच्या ताटासाठी सर्वांत उलथापालथीची ठरली. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. सीएसएच-1 ही पहिली संकरित ज्वारी 1964 मध्ये प्रसारित झाली आणि नाईकांनी तिचा जोमाने पुरस्कार केला. बुटके ताट, भरघोस कणीस. पण खरिपातले हे कणीस लवकर पक्व होऊन शेवटच्या पावसात सापडे, दाण्यावर बुरशी येई आणि भाकर काळपट होई; कडबाही कमी निघे. 1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल ‘मिलो’ मिळाला आणि दुष्काळी कामांवर सुकडी हा पूरक आहार वाटला गेला. मिलो म्हणजे अमेरिकेतली ज्वारी. आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर जी ज्वारी पश्चिमेला गेली, तिचेच वंशज गुरांचे खाद्य म्हणून वाढवले गेले आणि जगाला वळसा घालून वऱ्हाडातल्या परातीत आले. त्याची भाकर नीट थापली जात नसे. त्या पिढीने मिलोची चव विसरलेली नाही. पुढे रेशनवर गहू येत गेला, शेतात सोयाबीन आले, आणि ज्वारीचे क्षेत्र आकसत गेले. आज यवतमाळच्या कित्येक शेतकरी घरांत पोळी रोजची आणि भाकर आठवड्यातून एकदा, तीही विकतच्या ज्वारीची.

कुकर आणि मिक्सर याच काळातले. डेनिस पापँ यांनी 1679 मध्ये वाफेच्या दाबाखाली हाडे मऊ करणारे भांडे लंडनला दाखवले होते. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही नावांची सुरुवात 1959 ची. दाबाखाली पाणी सुमारे 120 अंशांना उकळते, म्हणून तासभर घेणारी तुरीची डाळ काही मिनिटांत शिजते. सरपणाची बचत पाहता तुरीच्या या जिल्ह्याला याहून उपयोगी यंत्र मिळालेले नाही. मिक्सर 1960 च्या दशकात आला. मुंबईत तयार झालेल्या सुमीतने वाळलेली मिरची आणि ओल्या डाळी दळण्याइतकी ताकद त्यात आणली. तरी ठेच्यासाठी मिक्सर चालत नाही, आणि हा केवळ जुन्याचा हट्ट नाही. पाते कापते, वरवंटा चिरडतो. चिरडल्याने मिरचीची साल आणि लसणाचे तेल एकमेकांत मुरते, मिक्सरमध्ये त्याची पातळ चटणी होते. म्हणून पाटा गेला तरी छोटा खलबत्ता ओट्यावर राहिला.

स्वयंपाकाचा गॅस 1950-60 च्या दशकांत मोठ्या शहरांत सुरू झाला. खेड्यात त्याचा खरा प्रसार 2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने केला. सिलिंडर महाग पडतो म्हणून भरून आणण्याची वारंवारता कमी, आणि पऱ्हाटी फुकट असल्याने अंगणातली चूल टिकून आहे: चहा, भाजी, पाहुण्यांचे जेवण गॅसवर, आंघोळीचे पाणी आणि भाकर चुलीवर. वाळवणाचे काम अजून हातांचेच आहे. उन्हाळ्यात अंगणात सरगुंडे होतात. कणकेचा बारीक पट्टा काडीभोवती फिरवायचा, काडी ओढून घ्यायची आणि मळसूत्री नळी उन्हात वाळू द्यायची. आमरसाबरोबर ते जावयाला वाढतात. शेवयांसाठी पितळेचे फिरवायचे यंत्र घरोघर आले, पण सरगुंड्यांसाठी ज्वारीच्या ताटाची काडीच लागते, आणि ज्या घरी आता ज्वारी पेरत नाहीत तिथे ती शेजारच्या शेतातून मागून आणतात.